दुरुस्ती पंधरवडा

रविवार, ७ सप्टेंबर. सकाळी ९.

काल गणपती गेले, आज पितृपक्ष लागला. चहाच्या वेळी कुमुद म्हणाली की मिक्सर फार आवाज करतो, नवीन घ्यावा लागेल. मग स्वतःच म्हणाली की आत्ता नको, पितृपक्षात नवीन वस्तू घ्यायची नाही, घटस्थापना झाली की बघू.

माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. पंधरा दिवस आख्ख्या कॉलनीत कोणी नवं काही घेत नाही. मोडकं तसंच रेटतात आणि नवरात्राची वाट बघतात. नेमकी हीच वेळ साधून लोकांना दुरुस्तीची गोडी लावली तर? जरा बिघडलं की फेका आणि नवं आणा, ही जी साथ आली आहे ती इंदोरमधल्या आमच्या अन्नपूर्णा भागापुरती तरी आटोक्यात येईल. विमा ऑफिसातून रिटायर झाल्यापासून एखादं मोठं काम शोधत होतो. सापडलं.

आमचे पणजोबा होळकरांच्या पागेचा हिशेब ठेवायचे. पागनीस हे आडनाव तिथलंच. घोड्याचा झिजलेला नालसुद्धा टाकू देत नसत, असं घरात सांगतात. म्हणजे दुरुस्ती आमच्या रक्तात आहे, इतकी वर्षं वर आली नव्हती एवढंच.

व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नाव: दुरुस्ती पंधरवडा. संकल्प: या पंधरा दिवसांत या घरातून एकही दुरुस्त होण्यासारखी वस्तू कचऱ्यात जाणार नाही.

सोमवार, ८ सप्टेंबर.

ऑनलाइन मागवलेला पेचकसांचा सेट आला. लाल डबा, आत सगळ्या मापांचे पेचकस, टेस्टर, पक्कड, चिमटा. डबा उघडताना काय आवाज येतो! कुमुदने विचारलं, पितृपक्षात नवी खरेदी कशी काय? मी समजावलं की दुकानात जाऊन आणली तर ती खरेदी. आपण होऊन दारात आली तर ते आगमन.

घरात दोन जुने पेचकस आहेत, पण त्यांच्या मुठी सैल आहेत. ते आधी दुरुस्त करावे लागले असते. चळवळीला तेवढी फुरसत नाही.

मंगळवार, ९ सप्टेंबर. दुपारी.

मिक्सर उघडला. धूळ काढली, दोन वायरी हलल्या होत्या त्या मला योग्य वाटल्या तिथे जोडल्या. आवाज पूर्ण बंद. म्हणजे मिक्सरच बंद. पुन्हा उघडला, पुन्हा जोडला. आता प्लग लावला की मिक्सर आपोआप सुरू होतो आणि प्लग काढला की थांबतो. बटणाची कटकटच संपली.

कुमुदला हे आधी सांगायचं राहिलं. कोथिंबिरीची चटणी होती, छत पुसता येतं.

संध्याकाळी तिने वाटण खालच्या मजल्यावरून करून आणलं. शेजाऱ्यांशी संबंध वाढतात हाही दुरुस्तीचा फायदाच.

गुरुवार, ११ सप्टेंबर.

चळवळीला पहिला बाहेरचा प्रतिसाद. खालच्या मजल्यावरचे मनीष भिया स्वतः इस्त्री घेऊन आले. (खरं तर मीच त्यांच्याकडे जाऊन आणली, पण ते दारापर्यंत सोडायला आले.) ‘काई जल्दी नी है अंकल,’ असं तीनदा म्हणाले. माणसाचा विश्वास असा असतो.

इस्त्री संध्याकाळी परत दिली. इस्त्री गार राहते आणि प्लग तापतो, एवढीच कसर राहिली. ग्रुपवर मनीष भियांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. मी त्यावर लिहिलं, ‘एक समाधानी लाभार्थी.’

शनिवार, १३ सप्टेंबर.

मनीष भियांच्या दारात नव्या इस्त्रीचं खोकं दिसलं. विचारलं. म्हणाले की त्यांच्याकडे पितृपक्ष पाळत नाहीत. योजनेतली ही त्रुटी माझ्या लक्षात आली नव्हती. पुढच्या वर्षी वेगळा विचार करावा लागेल.

ग्रुपमधून चार जण बाहेर पडले. गर्दी कमी झाली की काम नीट होतं.

रविवार, १४ सप्टेंबर.

आमची लेक संहिता राऊहून आली. तिथे कॉलेजात शिकवते. लॅपटॉप हळू चालतो असं मागे म्हणाली होती, म्हणून लाल डबा काढून बसलो. तिने जेवतानासुद्धा लॅपटॉपची बॅग मांडीवरून खाली ठेवली नाही. ‘बाबा, व्हिडिओ बघून सगळं नाही होत,’ म्हणाली. पोरीला कामाचा ताण आहे.

आज खरी बातमी कुमुदची. तिच्या भजनी मंडळाच्या नवरात्राच्या कार्यक्रमात, दुसऱ्या माळेला, म्हणजे २३ तारखेला, मंडळ चालवणाऱ्या वसुंधराताईंनी तिला पेटी वाजवायला सांगितलं आहे. साथीला नाही, एकटीला! भजनांच्या आधी ती एकटी वाजवणार. तीस वर्षं ती या मंडळात सतरंज्या घालते, प्रसाद वाटते आणि दुसऱ्यांच्या मागे बसून सूर धरते. मला सांगताना चेहरा असा झाला होता की मला क्षणभर आमच्या लग्नातली कुमुद दिसली. फार बरं वाटलं.

पेटी तिच्या वडिलांची. शंकरराव देवासला गाणं शिकवायचे. लग्नात सोनं कमी दिलं, पण ही पेटी दिली. संध्याकाळी ती रियाझाला बसली, मी शेजारी शेव-पोहे घेऊन ऐकत होतो. एक पांढरी पट्टी दाबली की दबलेलीच राहते. कुमुद वाजवता वाजवता तिला करंगळीने खालून उचकून वर आणते. बघणाऱ्याला कळतही नाही. पण मला कळलं! एवढी वर्षं बिचारी सोसते आहे.

म्हटलं, दुरुस्त करून देतो. तर म्हणाली, ‘अहो, त्या पेटीला हात नका लावू हं. मला आदत आहे तिची.’

बायकांचा स्वभाव. नको म्हणजे संकोच.

मंगळवार, १६ सप्टेंबर.

कुमुद उद्या देवासला जाते आहे, तिच्या भावाकडे. वडिलांची तिथी आहे. शुक्रवारी संध्याकाळी परत.

निघण्याआधी सूचना. दूध, कुलूप, आणि सर्वात जास्त वेळ कचरा. ओला वेगळा, सुका वेगळा, प्लास्टिक वेगळं. मागच्या वेळी ती गावाला गेली तेव्हा मी सगळं एकाच डब्यात घातलं, तर गाडीवाल्याने सगळ्या गल्लीसमोर डबा परत केला. ‘इंदोरमध्ये राहून असं करता, शरम येते मला,’ म्हणाली. या एका गोष्टीवरून इतक्या वर्षांत मला जेवढं बोलणं बसलं तेवढं दुसऱ्या कशावरून नाही.

पण माझं मन दुसरीकडे होतं. तीन दिवस घर मोकळं आणि पेटी कोपऱ्यात. परत येईल, वाजवायला बसेल, आणि ती पट्टी आपोआप वर येईल. तिचा चेहरा बघायचा आहे.

बुधवार, १७ सप्टेंबर. दुपारी १.

पेटी उघडली. कारण लगेच सापडलं. दोन पट्ट्यांच्या मधे, खाली, शेवेचा एक तुकडा. जाड, लवंगाची शेव. वर्षानुवर्षांची, दगडासारखी झालेली. पेटीजवळ बसून शेव कोण खात असेल कोण जाणे.

चिमट्याने काढला. पट्टी टुणकन वर आली. दोन मिनिटांचं काम!

पण इतकं उघडलंच आहे तर पूर्ण ओव्हरहॉलिंग करावं असं ठरवलं. वडिलांची वस्तू आहे, अर्धवट काम बरं नाही.

दुपारी ४.

सगळं सुटं केलं. पट्ट्या, पितळी सूर, भाता, आतले पडदे, तारा, स्क्रू. आणि इथे माझी शिस्त दिसली. फोटो काढले नाहीत, ते नवशिके काढतात. मी इंदुरी पद्धत वापरली. लाकूड वेगळं, धातू वेगळा, कापड आणि चामडं वेगळं. प्रत्येकाची वेगळी पिशवी, वर मार्करने नाव. कचऱ्यावरून एवढं ऐकून घेतलं, त्याचा असा उपयोग होईल वाटलं नव्हतं. कुमुदने बघितलं असतं तर तिला अभिमान वाटला असता.

शेवेचा तुकडा पुरावा म्हणून रिकाम्या पेटीतच ठेवला. आश्चर्याचा भाग म्हणून दाखवायला.

गुरुवार, १८ सप्टेंबर.

जोडणी सुरू. पट्ट्या दिसायला सारख्या, पण एकही दुसरीच्या जागी बसत नाही. सुरांचं तसंच. कोणता कुठला, यावर ते स्वतः काही बोलत नाहीत. एक व्हिडिओ सापडला, माणूस चांगला होता पण बंगालीत बोलत होता. त्याच्या हातांवरून बरंच समजलं. मग त्याने पेटी बंद केली आणि चहा प्यायला, तेही समजलं.

घाई करत नाही. कार्यक्रम २३ला आहे. शनिवारी सकाळी ताज्या डोक्याने बसलो की दुपारपर्यंत पेटी तयार. तोवर एकही स्क्रू हरवू नये म्हणून पिशव्यांना गच्च गाठी मारल्या आणि मागच्या बाल्कनीत ठेवल्या, कचऱ्याच्या डब्यांशेजारी. तिथे शोधायचं कुणाच्या मनात येणार नाही. रिकाम्या पेटीवर तिचा भरतकामाचा रुमाल होता तसा घातला. बाहेरून तसूभरही फरक नाही.

शुक्रवार, १९ सप्टेंबर. संध्याकाळी.

कुमुद आली. डोळे सुजलेले होते. जेवताना वडिलांबद्दल बोलत होती. भावाला कसं पेटीतलं काही येत नव्हतं, वडील हिलाच मांडीशी बसवून शिकवायचे, हिची बोटं पट्टीपर्यंत पोचायची नाहीत तेव्हा स्वतःच्या बोटांवर हिची बोटं ठेवून वाजवायचे. ‘मंगळवारी त्यांची चीज वाजवणार आहे मी. ते असते तर पहिल्या रांगेत बसले असते.’

मला गहिवरून आलं. सांगून टाकावं असं एकदा वाटलं. पण उद्या दुपारपर्यंतचा तर प्रश्न होता.

ती रुमाल काढायला उठली. मी म्हटलं, आज थकली आहेस, शिवाय पितृपक्षात वाजवू नये म्हणतात. ती माझ्याकडे बघत राहिली. रविवारी वाजवली तेव्हाही पितृपक्षच होता. पण रुमाल तसाच ठेवून झोपायला गेली. प्रसंगावधान हा माझा जुना गुण.

शनिवार, २० सप्टेंबर. सकाळी १०.



सकाळी फिरायला गेलो. चौकात पोहे खाल्ले, जिलबी खाल्ली, आजच्या जोडणीचा क्रम मनात लावला. परत आलो तर कुमुद दारात उभी, प्रसन्न. आल्याचा चहा आधीच तयार. असं स्वागत कित्येक वर्षांत झालं नव्हतं. मी बसलो. ती म्हणाली की इतक्या वर्षांच्या सांगण्याचा शेवटी उपयोग झाला. लाकूड वेगळं, धातू वेगळा, कापड वेगळं, वर नावं, गाठी मारलेल्या. तिने सगळ्या पिशव्या गाडीवाल्याला दिल्या. त्याने नावं वाचली आणि म्हणाला, ‘आंटीजी, ऐसा अलग-अलग तो पूरी गली में कोई नी देता.’ शेजारणींनीही ऐकलं.

‘मला इतकं बरं वाटलं सांगू,’ कुमुद म्हणाली.

चहा गरम होता. पूर्ण प्यायला. दुसरं काय करणार होतो?

दुपारी १.

स्कूटर घेऊन गाडीच्या मागे गेलो. गाडी सापडली, रिकामी. माणूस भला, त्याने हातातलं काम सोडून फोन लावले. पण सगळं केव्हाच पुढे गेलं होतं. लाकूड लाकडात, पितळ पितळेत. सुकं वेगळं येतं त्यामुळे थांबत नाही, अंकल, लगेच पुढे जातं, असं त्याने अभिमानाने सांगितलं. एखाद्या शहराने इतकं कार्यक्षम असू नये.

संध्याकाळी ५.

मार्ग निघाला. कृष्णपुऱ्याकडे पेट्यांचं दुकान आहे. नवी पेटी आणायची, तिचं आतलं सगळं काढायचं आणि शंकररावांच्या खोक्यात बसवायचं. बाहेरून जुनी, आतून नवी. कुणाला कळणार नाही. एक प्रकारे ही दुरुस्तीच.

पण उद्या सर्वपित्री अमावस्या. आणि पितृपक्षात काही नवीन घ्यायचं नाही, हे गेले पंधरा दिवस मीच ग्रुपवर रोज सकाळी लिहितो आहे. सोमवारी पहाटे घट बसले की जातो.

रविवार, २१ सप्टेंबर.

सोमवारपर्यंत पोचलो नाही.

दुपारी वसुंधराताई आल्या, कुमुदला म्हणाल्या की चल, एकदा सूर जुळवून बघू. मी म्हटलं पितृपक्ष, मी म्हटलं चहा घ्या, मी म्हटलं पेटीला ऊन लागेल. कुमुदने रुमाल काढला. पेटी उचलली तेव्हाच तिला कळलं असणार, कारण ती अर्ध्या वजनाची झाली होती. तिने झाकण उघडलं. आत शेवेचा तुकडा होता.

मी सगळं सांगितलं. अडखळत सांगितलं, पण सगळं. वसुंधराताई चपला घालून केव्हा गेल्या ते मला कळलं नाही.

कुमुद ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं, त्याची मला सवय आहे. ती जमिनीवर बसली आणि बराच वेळ रिकाम्या पेटीत हात घालून होती.

‘म्हणजे बाबांची पेटी मी माझ्या हाताने गाडीत टाकली,’ एवढंच म्हणाली.

मी म्हटलं, चूक माझी आहे. ती म्हणाली, हो. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं लोक सहज म्हणतात. माझा मारुतीसुद्धा झाला नाही. फार लाज वाटली. ग्रुपवर आजचा सुविचार टाकला नाही. कुणी विचारलंही नाही.

सोमवार, २२ सप्टेंबर. घटस्थापना.

घट बसले आणि दुकान उघडायच्या आधी जाऊन उभा राहिलो. नवी पेटी आणली. पूर्ण. काही काढलं नाही, काही बसवलं नाही, खोकंसुद्धा दुकानदारालाच बांधायला लावलं.

कुमुदने तिला हळदकुंकू लावलं आणि वाजवायला बसली. म्हणाली की सूर कोरे आहेत, मुरायला वर्षं लागतील. मग रियाझ करत राहिली. मी आज शेव खाल्ली नाही.

मंगळवार, २३ सप्टेंबर. कार्यक्रमानंतर.

सभागृह भरलेलं. मी पहिल्या रांगेत बसलो. तिथे कोण बसायला हवं होतं ते मला माहीत होतं, म्हणून जरा कडेला बसलो, मधली खुर्ची सोडून.

कुमुदने वडिलांची चीज वाजवली. मला गाण्यातलं फार कळत नाही, पण एक गोष्ट दिसली. नव्या पेटीच्या सगळ्या पट्ट्या आपोआप वर येतात. तरी त्या एका पांढऱ्या पट्टीशी पोचली की दर वेळी तिची करंगळी खाली वळत होती, तिला उचलायला. उचलायला काही नव्हतंच. करंगळी तिथे जायची आणि रिकामी परत यायची. पुन्हा जायची.

लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. संहिता रडली. मला धुपाचा त्रास होतो, डोळ्यांतून पाणी येतं.

नाही, धुपाचा नव्हे.

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी.

सकाळी हत्यारांची पूजा. आमच्याकडे पणजोबांपासून चालत आलेली. पाटावर विळी, कात्री, सुरी, संहिताचा लॅपटॉप, नवी पेटी, नवा मिक्सर (ज्याचं बटण चालतं). आणि मधोमध माझा लाल डबा! मला बरं वाटलं. म्हटलं, राग गेला.

कुमुदने सगळ्यांना फुलं वाहिली. लाल डब्याला फुलं वाहून झाल्यावर पूजेचा लाल नाडा घेतला आणि गुंडाळायला लागली. आडवा, उभा, पुन्हा आडवा. गाठ मारली, तिच्यावर गाठ मारली. मग डबा उचलून देव्हाऱ्यात मागच्या बाजूला ठेवला.

‘पूजेतलं हत्यार हलवायचं नसतं,’ म्हणाली.

मी विचारलं, केव्हापर्यंत? बाकीच्यांचं उद्या दसऱ्याला उचलतात. ती समईत तेल घालत राहिली. मग हसली. दहा दिवसांत पहिल्यांदा. त्या हसण्यापुढे मी डब्याचा विषय काढला नाही.

ग्रुपमध्ये आता मी आणि मनीष भिया आहोत. त्यांनी म्यूट केलं असावं.

शंकररावांची रिकामी पेटी तिने टाकली नाही. देव्हाऱ्याखाली ठेवली आहे, आत भजनांच्या वह्या आणि टाळ. दुपारी ती झोपली असताना जवळ जाऊन बसलो. झाकणाची एक कडी सैल झाली आहे. अर्ध्या मिनिटाचं काम.

बघितली. हात लावला नाही.